न उचलायची रिंग

१

बिघडलेली जोडणी तपासताना मी आधी कान लावतो, डोळे नंतर. मोडेम नावाच्या चपट्या पेटीत एक लहानसा स्पीकर असतो. दोन यंत्रे टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांची ओळख पटवून घेतात, तेव्हा त्यातून उमटणारा कलकलाट अनेकांना असह्य होतो. मला तो प्रिय आहे. आधी एक लांब, सपाट शीळ. तिला पलीकडून आलेले उत्तर. मग दोघांची थोडी घासाघीस, आणि अखेर पाटाच्या पाण्यासारखा एकसुरी खळखळाट. तो सुरू झाला की समजावे, सूत जुळले. पाली घेऊन एम. ए. झालेल्या माणसाने हा उद्योग का पत्करला, असे मला पुष्कळ जण विचारतात. पाठ म्हणणाऱ्याचा एक स्वर हलला तरी ज्या कानाला ते टोचते, त्याच कानाने मी मोडेम ऐकतो, एवढेच माझे उत्तर आहे.

त्या वर्षी द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना द्राक्ष उत्पादकांच्या एका सोसायटीने मला नाशिकहून पिंपळगावला धाडले. मोबाईल तेव्हा नुकते कुठे दिसू लागले होते, आणि सोसायटीचा कारभार साध्या टेलिफोनच्या तारेवर चाले. वणीच्या बाजूला एका संकलन केंद्रावर संतोष नावाचा कामगार दिवसभर शेतकऱ्यांचे क्रेट तोलून घेई आणि वजन, गोडी, मण्यांचा आकार हे सारे हातात मावणाऱ्या एका संगणकात भरी. त्याला सगळे हॅण्डहेल्ड म्हणत. संध्याकाळी संतोष तो टेलिफोनच्या तारेला जोडी आणि पिंपळगावच्या सर्व्हरला फोन लावी. सर्व्हर कसला, एका घराच्या पुढच्या खोलीत ठेवलेला साधा संगणक तो. पण तिथून माहिती नाशिकच्या कचेरीत जाई आणि तिच्यावर दुसऱ्या दिवशीचे ट्रक ठरत.

काही दिवसांपासून ही जोडणी होत नव्हती. कचेरीने मला निघताना स्पष्ट बजावले होते : उद्या संध्याकाळी कचेरी बंद होण्याआधी संतोषची माहिती आली नाही, तर सर्व्हर उचलून नाशिकला आणायचा. म्हणजे तो सांभाळणाऱ्या मुलीचे काम संपले.

२

ते घर इनायतभाईंचे. हमरस्त्याला अगदी लागून. ओसरीवर उभे राहिले की मुंबई-आग्रा मार्गावरचे ट्रक अंगावरून गेल्यासारखे वाटत, आणि आतल्या भांड्यांच्या मांडणीतून सतत एक बारीक किणकिण येत राही. सोसायटीची स्वतंत्र लाईन अजून मंजूर व्हायची होती. तोवर मोडेम घरच्याच टेलिफोनला जोडलेला होता. टेलिफोन आतल्या खोलीत, मोडेम बाहेरच्या खोलीत, तार एकच.

सर्व्हर सांभाळणारी फलक ही इनायतभाईंची मुलगी. पदवी नुकतीच हाती आलेली. खुर्चीवर बसण्याचे काम त्या घरात पहिल्यांदाच आले होते. तिने त्या संगणकावर विणकाम केलेला रुमाल घातला होता, आणि मी तो बाजूला सारताच तिचा जीव वरखाली झाला, हे माझ्या लक्षात आले.

"सर, काय बी करा, पण हे मशीन इथून हलू देऊ नका," ती म्हणाली.

"आधी टेलिफोनची तार पाहू," मी म्हणालो. "दूरध्वनीच्या जोडणीत दोष बहुधा..."

खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसलेले इनायतभाई मोठ्याने हसले. भरदार शरीर, पांढरी दाढी, खुर्चीला टेकवून ठेवलेली कुबडी. "सर, तुम्ही दूरध्वनी म्हणेस्तोवर आमची रिंग वाजून बंद पण पडती!"

"अब्बा!" फलक.

"अगं, कौतुकानं म्हणतोय. माणूस गोड बोलतोय. रेहाना, धम्मपालसरांना चहा टाक, आन साखर कमी टाक, त्यांच्या तोंडात हाय आधीच."

आतून त्यांच्या बायकोचे, रेहानाभाभींचे, हसू ऐकू आले. असे हसते घर मी क्वचित पाहिले आहे. तिथे कोणी दोन वाक्ये सरळ बोलत नसे. तिसरे वाक्य ठरलेली थट्टा असे. मी तारा तपासल्या, खोबण्या पुसल्या, मोडेम उघडून पुन्हा बंद केला, आणि या सगळ्या वेळात मला कंटाळा म्हणून आला नाही.

संतोषशी बोलण्यासाठी सोसायटीने मला एक मोबाईल दिला होता. केंद्राची तार हॅण्डहेल्डला लागे, म्हणून संतोष शेजारच्या किराणा दुकानातल्या फोनवरून माझ्याशी बोले.

"लाव पाहू," मी म्हणालो.

"लावतोय सर. पर सांगून ठेवतो, हे मशीन लय अडेलतट्टू हाय. थांबतंय, थांबतंय, आन मंग म्हनतंय, उत्तर नाय."

त्याने लावला. आत टेलिफोन वाजू लागला. चौथ्या रिंगला मोडेमने उचलला, शीळ सुरू झाली, आणि अर्ध्यातच पलीकडची बाजू गप्प झाली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. दिवस कलला, मी मोडेमकडे पाहत बसलो, आणि तेव्हा ती वाजली.

३

एकच रिंग. मग शांतता.

मी हातातला मोबाईल पाहिला. संतोषला मी थांबायला सांगितले होते. मोडेमचा लाल दिवा एकदा लुकलुकून विझला होता.

आतून रेहानाभाभींचा आवाज आला, मनावरचे ओझे उतरल्यावर येतो तसा. "अल्हम्दुलिल्लाह. पोहोचले."

"आज लवकर," इनायतभाई समाधानाने म्हणाले. "रस्ता मोकळा मिळाला असंल."

फलकने मान डोलावली आणि ती कळफलकावरची धूळ पुसू लागली. विचारावे की न विचारावे, असे मला क्षणभर झाले.

"कोण पोहोचले?"

"अब्बा," फलक म्हणाली, आणि लगेच ओठ चावला.

मी अब्बांकडे पाहिले. ते द्राक्षांचा एक घड मांडीवर घेऊन मणी तोडत होते.

"घाबरू नका सर," ते म्हणाले. "मी गाडी चालवायचो. इथून द्राक्षं भरायची, कधी इंदूर, कधी ग्वाल्हेर, कधी पार दिल्ली. मुक्कामाला पोहोचलो की बूथवरनं घरी एक रिंग द्यायची आन ठेवून द्यायचा. बूथवाले शिव्या घालायचे. पण उचललाच नाय तर तो पैसे कशाचे घेणार? एक रिंग म्हंजे पोहोचलो, सुखरूप हाय, जेवून घ्या."

"ते कळले. पण आपण तर इथे आहात."

"पाय गेल्यापासून इथंच हाय."

"मग ही रिंग?"

"गाडी मी सोडली," इनायतभाई म्हणाले. "रिंगनं नाय सोडली."

यावर तिघेही हसले. ते हसणे खोटे नव्हते. म्हणूनच मला ते थट्टेत धरता येईना. रेहानाभाभी चहा घेऊन आल्या आणि कप माझ्यापुढे ठेवत, आपल्या घरची एखादी रीत पाहुण्याला समजावून सांगावी तशा सांगू लागल्या.

"यांची गाडी घाटात दरीत गेली, तेव्हा मी नाशिकला दवाखान्यात होते, यांच्या उशाशी. ही पोर घरी एकटी. दुसऱ्या दिवशी शेजारणीबरोबर एस. टी.नं दवाखान्यात आली नि म्हणती कशी, अम्मी, अब्बा पोहोचले, रिंग आली! मी म्हटलं, अगं, अब्बा हे काय इथं पडलेत. तरी खरं सांगू, मला तेव्हाच वाटलं की आता हे वाचतात. आणि वाचले."

"आणि तेव्हापासून रोज?"

"रोज कशी? लांबची खेप असली की दोन-दोन दिवस नाय येत. पावसाळ्यात उशिरा येती. माझ्याहून तोच गडी कष्टाळू हाय," इनायतभाई म्हणाले.

"कधी उचलून पाहिला नाहीत?"

भाभींच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, पण डोळे बदलले. "उचलायचा नसतो, सर. पोहोचले, एवढं कळलं. बास."

४

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी.ने नाशिकहून पुन्हा पिंपळगावला येताना मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. चमत्कारावर माझा विश्वास नाही, आणि शब्द सैल वापरणाऱ्यांवर तर मुळीच नाही. 'अद्भुत' म्हणावे असे यात काय आहे? कुठेतरी दुसरा एखादा चालक असेल. त्याच्या घरचा क्रमांक यांच्या क्रमांकासारखाच असेल. तो एक आकडा चुकवत असेल. त्याच्या घरी बिचारी माणसे वाट पाहत बसत असतील आणि त्यांच्या वाटणीची निश्चिंती इथे, या ओसरीवर, येऊन पडत असेल. किंवा टेलिफोन एक्स्चेंजमधली कुठली तरी कळ दिवसाकाठी एकदा आपोआप दबत असेल. दोन्ही खुलासे मला पटले. दोन्ही पटले, याचाच मग मला त्रास होऊ लागला. एक पुरेसा असता तर मी दुसरा शोधला नसता.

घरात शिरलो तेव्हा इनायतभाई फलकला सांगत होते, "आज उशीर होणार बघ. मनमाडच्या अलीकडं रस्ता खणून ठेवलाय. एका अंगानंच गाड्या सोडतायत."

"आपल्याला कोणी सांगितले?" मी विचारले.

ते माझ्याकडे पाहत राहिले. प्रश्न त्यांना खरोखरच कळला नव्हता. "सांगायचं काय त्यात? रस्ता खणलाय."

ओसरीवर चालक चहाला थांबत असतील, त्यांच्यापैकी कोणी बोलला असेल, असे मी ठरवले आणि मोडेमकडे वळलो. दुपारभर ओसरीपाशी एकही ट्रक थांबला नाही, हे मी पाहिले नसते तर बरे झाले असते.

५

दोष दुपारी सापडला, आणि तो इतका साधा होता की मी स्वतःवरच खूष झालो.

संतोषच्या बाजूला नवे एक्स्चेंज बसले होते. क्रमांक फिरवून झाल्यापासून पहिली रिंग वाजेपर्यंत तिथे आता एक पोकळ शांतता पडे, जी पूर्वी नव्हती. हॅण्डहेल्ड किती वेळ वाट पाहील हे कारखान्यातच ठरलेले होते. तो धीर मला वाढवता येत नव्हता. त्याचा निम्मा धीर त्या शांततेत संपे, आणि उरलेला चार रिंगांत. मोडेमने फोन उचलून शीळ घातली, की तेवढ्यात पलीकडचे यंत्र कंटाळून निघून जाई.

"चार रिंगांनंतर उचल, असे याला कोणी सांगितले?" मी विचारले.

"मी," फलक म्हणाली.

"का?"

तिने आतल्या खोलीकडे पाहिले. "घरचा फोन हाय ना, सर."

मी दोनवर ठेवून पाहिले. सूत जुळता जुळता तुटले. संतोष म्हणाला, "सर, आत्ता व्हतंय व्हतंय म्हनता गेलं बघा. बस सुटावी तसं." मी एकवर ठेवले. पहिल्याच रिंगला मोडेमने उचलले. शीळ, उत्तर, घासाघीस आणि मग तो खळखळाट. संगणकाच्या पडद्यावर सकाळच्या क्रेटांच्या ओळी भराभर उतरल्या.

फलकने दोन्ही हात तोंडावर धरले. इनायतभाईंनी कुबडी जमिनीवर आपटून ताल धरला. भाभी गूळ घेऊन आल्या आणि माझ्या हातावर ठेवताना म्हणाल्या, "जियो! आता हिची खुर्ची कुठं जात नाही." मोबाईलमधून संतोष ओरडत होता, "सर, आमाला बी ठेवा थोडा!"

तो आनंद ओसरण्याआधीच फलकचा चेहरा उतरला.

"सर, याला एकवरच ठेवायचं?"

"एकवरच. दुसरा उपाय नाही."

"मग अब्बांची रिंग मशीन उचलणार."

इनायतभाईंची कुबडी ताल धरायची थांबली. मांडणीतली भांडी मात्र किणकिणत राहिली.

६

"नाय उचलायची," रेहानाभाभी म्हणाल्या.

मी तर्काने समजावू लागलो. बहुधा तो एक्स्चेंजचा दोष असावा. कोणी उचललेच तर बरे, एकदा निकाल लागेल. "भाभी, पलीकडे काहीच नसेल," मी म्हणालो. शब्द तोंडातून निघाल्यावर मला उमगले, की जगात त्यांना भीती वाटत असेल तर ती नेमकी याच वाक्याची. इतक्या वर्षांची त्यांची संध्याकाळ त्या एका रिंगवर टेकलेली होती, आणि माझ्या आकड्याने मी तिला हात घालायला निघालो होतो.

"ती येऊन जाऊ द्या," फलक म्हणाली. "तोवर चारवर ठेवू. रिंग आली की एकवर करू, मग संतोषभाऊ दिवसभराची सगळी माहिती पाठवतील. चालंल ना, सर?"

योजना उत्तम होती. आम्ही चारवर ठेवले आणि वाट पाहू लागलो.

ऊन भिंतीवरून सरकत वर गेले. भाभींनी पीठ मळायला घेतले. इनायतभाईंनी मला ग्वाल्हेरच्या एका ढाबेवाल्याची गोष्ट सांगितली, जो चालकांच्या ताटात पोळी वाढताना तिला त्या-त्या चालकाच्या सासूचे नाव देत असे. मी हसलो, फलकही हसली, आणि हसता हसता आम्ही सगळे आतल्या खोलीच्या दाराकडे पाहत होतो. शांत टेलिफोनही एक आवाज करतो, हे मला त्या दिवशी कळले. तो ऐकू येत नाही. पण त्यामुळे बाकीचे आवाज मागे सरकतात.

रिंग आली नाही. नाशिकहून कचेरीचा फोन माझ्या मोबाईलवर आला : आम्ही आता आवरतो आहोत, तुमची माहिती येते आहे की नाही? मी म्हणालो, येते आहे. फलकचे डोळे भरून आले होते, पण ती आईकडे पाहत नव्हती.

"लावा एकवर," इनायतभाई म्हणाले.

"अहो..."

"रेहाना, माझ्या रिंगपायी पोरीची खुर्ची जाऊ द्यायची का? आन मलाबी ऐकायचंय. इतकं फिरून गड्याचा आवाज कसा झालाय ते."

भाभी पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभ्या राहिल्या. मग त्यांनी होकाराची मान हलवली. मी आकडा बदलला, मोबाईल कानाला लावला आणि म्हणालो, "संतोष, लाव."

७

टेलिफोन वाजला. मोडेमने पहिल्याच रिंगला उचलला आणि आपली लांब, सपाट शीळ घातली.

तिला शिळेने उत्तर आले नाही. स्पीकरमधून आधी वारा आला. मोकळ्या माळावरचा, रुंद. त्यात चालू ठेवलेल्या इंजिनाची धडधड, आणि कुठेतरी स्टोव्हचा फरफराट. मग एक माणूस अगदी जवळून हसला.

"उचलला? अरे वा! कोण, रेहाना?"

माझ्या दुसऱ्या कानात संतोष म्हणत होता, "सर, एंगेज लागतोय. कोन बोलतंय का तुमच्यात?"

मोडेम आपली शीळ घालतच होता. त्याला माणसाचा आवाज कळत नाही. त्या शिळेखालून तो आवाज पुन्हा म्हणाला, "रेहाना?" तो कोणाचा होता हे मी सांगणार नाही. खिडकीपाशी बसलेल्या माणसाकडे मी त्या क्षणी पाहिले; त्यांचे ओठ मिटलेले होते, आणि चेहऱ्यावर, आरशात बऱ्याच दिवसांनी पाहणाऱ्याचे असते तसे, कुतूहल होते.

रेहानाभाभी धावत आत गेल्या आणि त्यांनी टेलिफोन उचलला. मोडेम थोडा वेळ हाका मारून थकला आणि गप्प झाला. त्याबरोबर स्पीकरही मिटला. त्यापुढचे मी जे ऐकले ते केवळ भाभींच्या बाजूचे. आणि ते तेवढेच ऐकू आले याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

"हां. मीच हाय."

मग त्या कितीतरी वेळ ऐकत होत्या. एकदा हसल्या. लग्नाच्या पहिल्या वर्षातली मुलगी हसावी तशा.

"फलक? इतकी उंच झाली. नोकरी करती. हो! कॉम्प्युटरवर."

फलक दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"जेवलात का?" भाभींनी टेलिफोनात विचारले.

"नाय अजून," खिडकीपाशी इनायतभाई हळूच म्हणाले. ते कोणाला सांगत होते, मला कळले नाही. त्यांनाही कळले नसावे. आपल्याच आवाजाने ते दचकले.

मग भाभींचा आवाज आला. ठाम.

"घरी? घरी या म्हणू कशी? घरी तुम्ही हायतच की." त्यांनी पलीकडचे ऐकले. "नाय, रागावले नाय. तुम्ही पुढं जा. माल भरलाय, थांबू नका. पण उपाशी जाऊ देणार नाय मी. दारावरनंच जाणार ना? हळू करा गाडी. मी भाकरी घेऊन येते."

टेलिफोन ठेवल्याचा आवाज झाला. स्वयंपाकघरात तव्यावर काहीतरी पडले, फडक्याची घडी झटकली गेली, आणि रेहानाभाभी माझ्या बाजूने, अनवाणी, ओसरी उतरून हमरस्त्याकडे गेल्या. त्यांच्या पदराला पीठ लागले होते. त्या घाबरल्या असतील असे मला वाटले होते. पण तो चेहरा सणाचा होता.

८

आम्ही ओसरीवर आलो. इनायतभाई कुबडीवर भार देऊन माझ्या शेजारी उभे राहिले. दिवेलागण झाली होती, आणि द्राक्षांच्या हंगामातली ती ट्रकांची रांग दोन्ही अंगांनी वाहत होती. कुठला कुठे जातो ते सांगणे अशक्य. मी नुसत्या सदऱ्यावर होतो, तरी मला घाम आला होता.

त्यातला एक हळू झाला. थांबला नाही, हळू झाला, चालक ओळखीच्या घरावरून जाताना करतो तसा. हॉर्न दोनदा वाजला. नेमकी त्याच वेळी अलीकडच्या बाजूने एक एस. टी. गेली, तिच्या खिडक्या, खिडक्यांतली माणसे, मागची धूळ. ती सरल्यावर मला दिसले ते एवढेच : रेहानाभाभी टाचा उंचावून उभ्या होत्या, आणि वरच्या खिडकीतून एक हात खाली आला होता. बाही कोपराच्या वर दुमडलेली. त्या हाताने भाकरीचे फडके घेतले. मग तो तसाच खाली राहिला, आणि भाभींनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला. ट्रक पुढे सरकत होता. दोन पावले त्या त्याच्याबरोबर चालल्या. मग हात सुटला. बोटांनी दाराच्या पत्र्यावर टकटक केली, आणि मागचा लाल दिवा इतर लाल दिव्यांत मिसळला.

मागे, खोलीत, टेलिफोन वाजला. शीळ, उत्तर, घासाघीस आणि खळखळाट. फलक आत धावली, आणि तिची किंकाळी ऐकून मी मागे वळलो. पण ती आनंदाची होती. "आली! सर, सगळी आली! नाशिकला पोहोचली पण!" मोबाईलमधून संतोष विचारत होता, की आता तरी गुळाचे बघणार का. मला हसू आले. खरोखर आले.

रेहानाभाभी रस्ता ओलांडून परत आल्या. धाप लागलेली, गाल लाल, केस सुटलेले. दहा वर्षांनी तरुण दिसत होत्या.

"घेतली," त्या म्हणाल्या. "म्हणाले, वांगं नाय का टाकलं बरोबर."

"बघा सर! अजून तेच!" इनायतभाई खदखदून हसले. "कसा हाय गडी?"

"तुमच्यासारखाच," भाभी म्हणाल्या. आणि बोलता बोलता, कौतुकाने, त्यांनी नवऱ्याचा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला, मघा धरला होता तसा.

त्या हसत होत्या. हसू तसेच राहिले, पण त्या हाताकडे पाहू लागल्या. अंगठ्याने त्यांनी तळवा चोळला, पुन्हा चोळला.

"फक्त," त्या अगदी हळू म्हणाल्या, "त्याचा हात गरम होता."

इनायतभाईंनी हात सोडवून घेतला आणि बगलेत घातला. "थंडी पडलीय," ते मला म्हणाले.

मी कपाळावरचा घाम पुसला. रेहानाभाभींनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर काढून नवऱ्याच्या खांद्यांभोवती ओढला, दोन्ही बाजूंनी नीट दाबून बसवला.

"पडलीय खरी," त्या म्हणाल्या. "चला आत. चुलीपाशी बसा माझ्याजवळ."